वेदी गेली, कोनाडा राहिला

मी एक कोनाडा बोलतोय. इंग्लंडात, सफोकमधल्या एका खेड्यातल्या चर्चच्या दक्षिण भिंतीत मी सातशे वर्षं उभा आहे. लोक आत येतात, मान वर करून छताचे लाकडी देवदूत बघतात आणि जातात. माझ्याकडे कोण ढुंकून बघतंय!

हॅमो नावाच्या पाथरवटाने मला घडवलं. माथ्यावर तीन पाकळ्यांची कमान काढली, पायाशी वाटी कोरली, वाटीच्या मधोमध भोक पाडलं. शेजारी वेदी होती. प्रार्थना आटोपली की पाद्रीबाबा पवित्र प्याला नि बोटं माझ्यात धुवायचे. ते पाणी कुणाच्या पायदळी येऊ नये म्हणून मी ते भिंतीतून थेट बाहेर, दफनभूमीच्या मातीत सोडायचो. वेदीचा आणि माझा संसारच होता म्हणा ना.

मग राजाने धर्माची रीतच बदलली, दगडी वेद्या नकोत असा हुकूम आला आणि वेदी फोडली. मी भिंतीत असल्यामुळे वाचलो. वाचलो म्हणजे काय, एकटा उरलो. पुढे कुणी माझ्यात फडकी कोंबली, कुणी मेणबत्त्यांचे तुकडे. भोक बुजलं. आपण कशासाठी आहोत, हे मीही विसरत चाललो होतो.

मागच्या पानगळीत जुन्या चर्चांचे भाग ओळखायला शिकणारा एक वर्ग आला. मास्तर कमानी दाखवत पुढे गेले. गावातलीच ऑड्री थर्लो मागे राहिली. हा नाद खरा तिच्या नवऱ्याचा, सिरिलचा. त्याला भिंतीपलीकडे पुरून वर्षही झालं नव्हतं. त्याची दुर्बीण तिच्या गळ्यात होती.

"त्यात काय बघतेस? फुलदाण्यांचा कोनाडा तो," फुलं सजवणारी व्हायोलेट पास्क म्हणाली. "इथे आता चहाचा ओटा होतोय. फळ्या मारून बुजवणार तो."

म्हणजे उरलासुरला मीही जाणार!

"मला वाटलं, संताच्या मूर्तीची जागा असेल," ऑड्री म्हणाली. तिचं बोट माझ्या वाटीत फिरता फिरता थांबलं. "थांब गं. मेणाखाली भोक आहे. सिरिल म्हणायचा, भिंतीत भोकाची वाटी दिसली की शेजारी वेदी होती समज. आणि मी म्हणायचे, पुरे तुझं, चहा निवतोय."

तिने पिशवीतून विणायची सुई काढली, मेण उकरलं आणि फुलदाणीतलं पाणी ओतलं. गट् गट् गट्! किती काळाने माझ्या घशाखाली घोट उतरला!

"अगं बाई! हे तर सिंकच की!"

"मग? तुझ्या ओट्याच्या कितीतरी आधीचं. आता मार बघू फळ्या!"

व्हायोलेट जिभेची तिखट, पण मनाची वाईट नाही. चर्चच्या समितीशी भांडून तिनेच ओटा मनोऱ्याखाली हलवला.

त्यानंतर ऑड्री दर बुधवारी यायची. खुर्ची ओढून नेमकी वेदीच्या जागी बसायची. फुलदाणीतलं शिळं पाणी माझ्यात ओतायची आणि पलीकडच्या सिरिलला सांगायची, "आज पुन्हा दोन कप काढले रे मी."  माझ्या शेजारी पुन्हा कुणीतरी बसलं होतं, याचंच मला अप्रूप होतं.

या हिवाळ्यात ऑड्रीलाही पलीकडे, सिरिलशेजारी पुरलं. व्हायोलेट आली, खुर्चीवरची धूळ पुसली, डोळे पुसले नि निघून गेली. खुर्ची अजून तिथेच आहे.

कधी आलात तर ती खुर्ची हलवू नका. आणि फुलदाणीत पाणी उरलं असेल तर थोडं माझ्यात ओता. दोघांपर्यंत पोहोचवायचं काम माझं.