ब्लडप्रेशरचं कारण

“म्हणजे माझं ब्लडप्रेशर हिच्यामुळे नाही?” निरीक्षकांनी विचारलं. आवाजात आनंदापेक्षा निराशाच जास्त होती.

“तसं दिसतंय खरं,” रिपोर्ट पाहत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मूत्रपिंडावर एक इवलीशी ग्रंथी असते. तिचं हार्मोन वाढलंय.”

शेजारच्या खुर्चीत निरीक्षकांची बायको ताठ झाली. गेली अकरा वर्षं ती आरोपी होती. निरीक्षकांचा पारा चढला की ते दंडाला पट्टा बांधत आणि आकडा तिला वाचून दाखवत. “बघ, तुझ्या एका वाक्याचे वीस!” नणंद फोनवर आधी दादाचा आकडा विचारी आणि मग म्हणे, “वहिनी, जरा तोंड आवरा हो.” वहिनी बसस्थानकावर उद्घोषणा करायची. तिच्या आवाजावर दिवसभर शेकडो माणसं धावत. घरी मात्र ती ‘चहा हवा का’ हेसुद्धा कुजबुजत विचारी.

त्या संध्याकाळी तिनं स्वतःहून फोन लावला. “वन्सं, कारण ग्रंथी निघाली.”

हे सुख आठवडाभर टिकलं. खात्रीसाठी केलेली दुसरी तपासणी अगदी नॉर्मल आली.

“बघितलंस?” निरीक्षक खुलले. जन्मभर वजनमापे खात्यात दुकानदारांचे काटे तपासलेला माणूस. “पहिला काटाच खोटा होता!”

या वेळी डॉक्टरांपुढे तीच बोलली. “एकाच माणसाचे दोन आकडे? खरा कुठला?”

“दोन्ही खरे असू शकतात. झोपून वेगळा येतो, चालून आल्यावर वेगळा. मिठानं बदलतो, ब्लडप्रेशरच्या गोळ्यांनी तर फारच. ही नुसती चाळणी आहे हो, निकाल नव्हे. दोन गोळ्या बदलू आणि चार आठवड्यांनी पुन्हा पाहू.”

चार आठवड्यांनी, तपासणीच्या सकाळी रक्त देण्याआधी दोन तास हिंडतंफिरतं राहायचं होतं. निरीक्षक कुठे टेकले की ती म्हणे, “उठा.” शेवटी दहा मिनिटं शांत बसवून सुई टोचायची वेळ आली.

“काका, मूठ सोडा,” नर्स म्हणाली.

“सोडलीय!”

सोडली नव्हती. तिनंच एकेक बोट सरळ केलं.

आकडा पुन्हा चढा आला. मग चार तास मिठाच्या पाण्याची सलाईन लावून पाहिली. ग्रंथी ठीक असती तर हार्मोन खाली आलं असतं. ते जागचं हललं नाही.

“आता नक्की,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नेमकी गोळी देते. स्कॅन झालं की ऑपरेशनचं बघू. इतकी वर्षं कुणीच कसं तपासलं नाही?”

“घरात कारण सापडलेलं होतं ना,” ती म्हणाली.

बाहेर बाकावर निरीक्षक तिच्याशेजारी बसले. मग घसा खाकरून म्हणाले, “धाकट्या बहिणीला मी सांगतो. आणि तू... बोल आता, काय बोलायचं ते.”

तिनं तोंड उघडलं आणि तिला काही सुचेना. गिळलेली कितीतरी वाक्यं शिळी झाली होती. काही ज्यांच्याबद्दल होती, ती माणसंही उरली नव्हती. अखेर एक सापडलं.

“लेकीच्या लग्नात तुम्ही मला सगळ्यांदेखत ‘गप्प बस’ म्हणालात.”

“कधी?” असं ते विचारणार होते. “हो,” ते म्हणाले.

मग दुसरं सापडलं. मग तिसरं. फरशी पुसणारी बाई पुसत पुसत बाकापाशी आली. दोघांनी पाय वर उचलले. ती बोलायची थांबली नाही.