शहाऐंशी सेंटिमीटरचा मानकरी

मी एक जुना लाकडी बाहुला आहे, पण मित्रांनो, मला खेळण्यातला समजू नका हं! मी कस्टमच्या नोकरीत आहे. टाचेपासून टाळूपर्यंत मी बरोबर शहाऐंशी सेंटिमीटर भरतो आणि माझी सगळी ऐट या उंचीचीच आहे.

परदेशातून लहान मुलांचे कपडे आले की आमच्या लोकांना आधी एक गोष्ट ठरवावी लागते. हे कपडे तान्ह्यांचे की मोठ्या मुलांचे? शहाऐंशी सेंटिमीटरपर्यंतचं मूल तान्हं, त्याच्यावरचं मोठं, असा नियम आहे. तान्ह्यांच्या कपड्यांवर कर कमी, मोठ्यांच्या कपड्यांवर जास्त. कपड्यावरच्या चिठ्ठीचा काही भरवसा नसतो, कारण एका कारखान्याचं दोन वर्षांचं बाळ दुसऱ्या कारखान्यात तीन वर्षांचं असतं. म्हणून एका सुताराने मला घडवलं. डोकं मोठं, मान आखूड, पोट पुढे. माझे गुडघे कोरताना त्याने स्वतःच्या नातीला समोर उभं केलं होतं, आणि ती क्षणभर एका जागी उभी राहील तर शपथ! आजोबा घामाघूम झाले.

पुढे मी काय काय अंगावर घातलं म्हणून सांगू! झबली, लोकरी चड्ड्या, मखमली कोट. वाद पेटला की मला टेबलावर उभं करत. कपडा मला नीट बसला तर तो तान्ह्यांचा. बाह्या लोंबल्या, कंबर घसरली, तर मोठ्यांचा. भले भले व्यापारी माझा निकाल मानत.

मग एक तरुण साहेब बदलून आले. त्यांचा सगळा विश्वास मोजपट्टीवर. मला कपाटावर टाकलं आणि माझ्या डोक्यावर कुणीतरी छत्री ठेवली. मला फार वाईट वाटलं.

त्याच हिवाळ्यात अनाथ बाळांच्या शिशुगृहातल्या मावशी आल्या. त्यांनी बाळांसाठी परदेशातून टोपीसकट एकसंध उबदार सूट मागवले होते. तरुण साहेबांनी एक सूट टेबलावर पसरून टोपीच्या टोकापासून तळव्यापर्यंत मोजला. चौऱ्याण्णव भरला. मोठ्यांचा कपडा, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. मावशींचा चेहरा उतरला. एवढा कर संस्थेला झेपणार नव्हता, निम्मे सूट परत पाठवावे लागणार होते. निम्म्या बाळांनी थंडीत काय करायचं, असं त्या सारख्या विचारत होत्या.

आतल्या खोलीतून थोरले साहेब आले. म्हणाले, "बाहुला काय शोभेला ठेवलाय? घाला त्याला."

आजवर सगळ्यांनी माझे हात ओढूनच कपडे चढवले होते. मावशींनी तसं केलं नाही. त्यांनी बाहीच्या तोंडातून आपला हात आत घातला, माझी मूठ धरली आणि अलगद बाहेर आणली. मला तर भरूनच आलं. पण हाय! बाह्या माझ्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. तरुण साहेब म्हणाले, बघा, मोठाच आहे. माझा जीव टांगणीला लागला.

तरुण साहेबांनी बाही वर सारायला हात लावला आणि तिथेच थांबले. बाहीच्या टोकाला दुमडलेली एक पिशवी होती. ती त्यांनी उलटून माझ्या मुठीवर ओढली.

"अहो, हा तर हातमोजा आहे," ते म्हणाले. "आमच्या छकुलीच्या स्वेटरलाही असाच आहे."

मग त्यांनी भराभर बाकीचं तपासलं. टोपीचं टोक माझ्या डोक्यावर नुसतंच उभं होतं. पायाशी जाड तळव्यांचे बूट शिवलेले होते. मोजपट्टीवरचे जादा आठ सेंटिमीटर या दोन्हींतच गेले होते. खांदे, कंबर, गुडघे मात्र अगदी माझ्या मापाचे!

"मी कापड मोजत बसलो, मावशी," साहेब म्हणाले. "मूल मोजायचं राहूनच गेलं."

सगळे गठ्ठे त्याच दुपारी सुटले. मावशींनी पदराने डोळे पुसले आणि जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. तेव्हापासून मी टेबलावर असतो आणि तरुण साहेब रोज स्वतः माझी धूळ पुसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी धाकटं भावंड असेल तर कपडे घालताना त्याचा हात ओढू नका. आधी आपला हात बाहीत घाला. माझं एक बोट ओढाताणीत तुटलंय, म्हणून सांगतो. तुम्हीही कधीतरी माझ्याएवढे होतात आणि बघता बघता पुढे निघून गेलात. मी एवढाच राहणार. त्याचं मला काही वाटत नाही. तान्ह्यांना बोलता येत नाही, त्यांच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला हवं, आणि त्यासाठी त्यांच्याएवढंच असावं लागतं.