सहाशे नावांचा परवाना

तुळसाचं नाव तुलारामबाबूंनी स्वतःच्या बोटानं पुसलं होतं, आणि आज तीच तुळसा आईला घेऊन साकोलीच्या हायस्कुलात त्यांच्या खिडकीशी उभी होती.

"बाबूजी, सोमवारी भंडाऱ्याले नर्सिंगची मुलाखत हाय. शाळा सोडल्याचा दाखला पायजे. निकाल लागला तवाच नेनार होती, पन धानाची रोवणी सुरू झाली."

"दाखला नसन तर घेत नाही म्हनते," तिची आई सत्यभामाबाई म्हणाली. दिघोरीहून पहिल्या गाडीनं आलेली ती बाई लुगड्याच्या पदरानं खिडकीची धूळ पुसत होती. "एवढं करून द्या, बाबूजी."

आज गुरुवार. तुलारामबाबूंच्या कपाळावर घाम आला. तीस वर्षांच्या कारकुनीत दाखल्याला त्यांना कधी दहा मिनिटांच्या वर लागली नव्हती. दाखल-खारीज रजिस्टर काढायचं, नाव शोधायचं, उतरवायचं, मुख्याध्यापकांची सही घ्यायची. पण तो जमाना गेला म्हणे. सन शहाऐंशीत एका राइस मिलवाल्यानं शाळेला कॉम्प्युटर दिला. मारोतराव मुख्याध्यापकांनी चपला काढून त्याची पूजा केली, नारळ फोडला, आणि रजिस्टरच्या शेवटच्या नावाखाली लाल शाईची रेघ ओढून लिहिलं, 'यापुढील नोंदी संगणकात.' खाली झोकदार सही. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तुलारामबाबूही होते, ही गोष्ट त्यांना आता फार खुपायची.

कारण नागपूरच्या कंपनीनं दिलेल्या प्रोग्रॅमचा परवाना होता सहाशे नावांचा. त्यावर एक नाव चढेल तर शपथ! यंदा जुलैत नव्या पोरांचे प्रवेश सुरू झाले आणि जागा संपली. मोठा प्रोग्रॅम घ्या, कंपनी म्हणाली, बारा हजार रुपये, शिवाय दरसाल दोन हजार. म्हणजे तुलारामबाबूंचा आठ महिन्यांचा पगार, आणि तो कशासाठी, तर आपल्याच पोरांची नावं लिहिण्यासाठी!

मारोतरावांनी लगेच तोड काढली. "जे शाळा सोडून गेले त्यायची नावं काढून टाका. गेलेल्यायचं काय काम?"

"सर, दाखला तर गेलेलाच मागते नं!"

"लोक बाहेर उभे हायेत, तुलाराम. काढा म्हनलं ना."

प्रिंटरची फीत सुकलेली होती. प्रवेशाचे जुने अर्ज 'आता कायले पायजे' म्हणून रद्दीत गेले होते. बाबूंनी एकशे बारा नावं पुसली. आधी हातानं उतरवून घ्यायला हवी होती, दोन दिवस लागले असते, पण त्यांनी भांडून ते दोन दिवस मागितले नाहीत. तुळसा आठवीला शाळेत आली तीच मुळी शहाऐंशीत, लाल रेघेनंतर. तिचं नाव आता शाळेत कुठंच नव्हतं.

दुपारी पोस्टातून नागपूरच्या कंपनीला ट्रंक कॉल लागला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. पुसलेली नावं त्यांच्याकडच्या फ्लॉपीवर सुरक्षित होती. गेल्या दिवाळीत त्यांचा माणूस नक्कल घेऊन गेला होता. पण ती आता नव्या प्रोग्रॅममध्ये बसवलेली, जुन्यात उघडायची नाही.

"फक्त एक नाव वाचून दाखवा, साहेब. मी लिहून घेतो."

"तसं करता येत नाही. नावं तुमचीच आहेत, पण वाचणारा प्रोग्रॅम आमचा आहे. परवान्याचा फॉर्म पाठवलाय, सही करून पैसे भरा."

तीन मिनिटं झाली म्हणून पोस्टातल्या बाईंनी फोन तोडला. बाबूंना इतका संताप आला की रिसीव्हर हातात असताना ते मोकळ्या फोनवर ओरडले, "माह्या शाळेतली पोरगी हाय ते!" पोस्टातले सगळे वळून पाहू लागले.

शुक्रवारी रजा टाकून ते मायलेकींच्या गावाला, दिघोरीला गेले. तिथल्या शाळेत पुंडलिकराव गुरुजींनी लोखंडी पेटी उघडली, कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत तुळसापाशी थांबवलं. जन्मतारीख आकड्यांत, अक्षरांत, जात, जन्मगाव, सातवी पास होऊन साकोलीला. बाबूंनी सगळं उतरवून घेतलं, चहा यायच्या आत काम झालं. ना परवाना, ना फॉर्म. बाबूंना हायसं वाटण्याऐवजी स्वतःची भयंकर लाज वाटली.

शनिवारी सकाळी त्यांनी साकोलीचं रजिस्टर काढलं. लाल रेघेखाली, सहीखाली, निळ्या शाईनं तुळसाचं नाव लिहिलं, त्या क्रमांकाचा दाखला तयार केला आणि दोन्ही मारोतरावांपुढे ठेवलं.

मारोतराव भडकले. "बंद केलेल्या रजिस्टरात लिवलं? माह्या सहीच्या खाली? कोनाले विचारून?"

"याच्यात लिवाले कोनाले विचारा लागत नाही, सर."

"मी यावर सही करनार नाही. उद्या साहेब तपासनीले आले तर काय सांगू?"

तुलारामबाबूंनी कंपनीचा फॉर्म खिशातून काढून दाखल्याशेजारी मांडला. "मंग याच्यावर करा. बारा हजार भरा, नाव वापस येते. पन ते सोमवारच्या आत आना. पोरगी बाहेर उभी हाय, तिले तुमीच सांगा."

मारोतरावांनी दाराकडे पाहिलं. तुळसा चपला हातात घेऊन उभी होती. कॉम्प्युटर ठेवलेल्या त्या खोलीत चपला काढायच्या, हे याच शाळेनं तिला शिकवलं होतं. मारोतरावांनी दाखला ओढून सही केली, आणि रजिस्टर जवळ घेऊन आपल्या झोकदार सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'सदर रेघ चुकीने ओढली.'

"झालं समाधान?" ते चिडून म्हणाले.

तुळसानं दाखला घडी न घालता आईच्या पिशवीत उभा ठेवला. सत्यभामाबाईनं बाबूंच्या पायाला हात लावला, तेव्हा ते चटकन मागे सरले. "नोका करू, बाई," ते म्हणाले. "पुसलं बी मीच होतं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण पवनीच्या गुरुजींनी सुटीतही शाळेची पेटी उघडायचं कबूल केलं होतं. तिथून साकोलीला आलेल्या पोरांच्या नोंदी उतरवायला तुलारामबाबू डबा बांधून पवनीच्या गाडीत बसले. त्यांच्या मांडीवर कोरी वही होती, आणि अजून एकशे अकरा नावं उरली होती.