माझ्या कपाळावरचे खोटे

मी एक जुना पिकअप ट्रक आहे, आणि मित्रांनो, मला लाथा मारणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. आमच्या अमेरिकेतल्या नेब्रास्कात जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस आधी तिच्या पुढच्या चाकाला लाथ मारतो. त्याच्या बापाने मारली होती, म्हणून तो मारतो. लाथेतून काय कळते, हे आजवर एकालाही सांगता आलेले नाही. पण लाथ मारून झाली की तो नाडी पाहिलेल्या वैद्यासारखी मान डोलावतो. अंगाची नुसती लाही होते!

माझा पहिला मालक एमेट मात्र तसा नव्हता. तो गुरे पाळायचा. भर बर्फात माझ्या उघड्या पाठीवर गवताचे गठ्ठे लादून तो कुरणात जायचा, आणि माझा आवाज ओळखून गुरे धावत यायची. एमेट कमी बोलायचा आणि तेल वेळेवर बदलायचा. मला वाटायचे, सगळी माणसे अशीच असतात. म्हातारपणी त्याची नजर अधू झाली आणि मला रॉडनीने विकत घेतले.

रॉडनीकडे कॅम्पर होता, म्हणजे चाकांवरचे घर. आत पलंग, चूल, न्हाणी सगळे. ते मी ओढायचे. रॉडनीच्या तोंडी सदा एकच शब्द, ‘कोरडे वजन’. कॅम्पर कारखान्यातून रिकामा निघतो तेव्हाचे वजन.

“कोरडं वजन बघ ना किती कमी आहे,” तो शेजाऱ्याला सांगायचा. “हा पठ्ठ्या झोपेत ओढेल.”

अरे, पण कोरड्या घरात राहतो कोण? टाकीत पाणी भरलेले, गॅसच्या टाक्या, खुर्च्या, लोखंडी शेगडी, बिअरची खोकी, आणि एवढे भरूनही रॉडनीच्या लेखी वजन कोरडेच!

कोलोरॅडोचा घाट मी धापा टाकत चढलो, पण चढलो. उतारावर मागचे घर मला ढकलू लागले. मग ते डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागले. कॅम्परच्या चाकांना स्वतःचे ब्रेक असतात, पण रॉडनीने ते मला कधी जोडलेच नव्हते. सगळा भार माझ्या एकट्याच्या ब्रेकवर आला आणि त्यांतून धूर निघाला. ब्रेक निकामी झालेल्या गाड्या अडाव्यात म्हणून रस्त्याच्या कडेला खडीचा चढ केलेला असतो. आम्ही त्यात घुसलो, म्हणून सगळे वाचले. रॉडनी खाली उतरला आणि त्याने मला लाथ घातली.

“भंगार आहेस नुसता!” तो ओरडला.

मी भंगार? लादताना मला विचारले होते का? चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

रॉडनीने मला ड्वेनच्या जुन्या गाड्यांच्या आवारात विकून टाकले. ड्वेनने ब्रेक बदलले, एवढे बरे केले. मग त्याने माझ्या चाकांना काळे फासून चकाकी आणली आणि पुढच्या काचेवर पांढऱ्या रंगाने ठळक अक्षरांत लिहिले, ‘काहीही ओढतो!’ मित्रांनो, पुढची काच म्हणजे आमचे कपाळ. कपाळी लिहिलेले टळत नाही म्हणतात, आणि माझ्या कपाळी हे धडधडीत खोटे! मला किती झेपते ते कारखान्याने माझ्या दाराच्या कडेला चिकटवून ठेवले आहे. पण ते पडले बारीक अक्षरात.

ऑक्टोबरात लेलंड आणि व्हर्ना हे म्हातारे जोडपे आले. त्यांची लेक कोरिन कोलोरॅडोच्या त्याच घाटापलीकडे राहत होती. तिला जुळी होणार होती, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून हलायला मनाई केली होती. तिच्या घरात जागा नव्हती, म्हणून हे दोघे अंगणात कॅम्पर लावून हिवाळाभर राहणार होते. घाटात बर्फ पडायच्या आत पोहोचायला हवे होते. त्यांचा स्वतःचा ट्रक गंजून गेला होता, आणि त्यांना परवडेल असा त्या आवारात मी एकटाच होतो.

लेलंडने आल्या आल्या लाथ मारली. “दणकट आहे!”

“टायर दणकट आहे,” व्हर्ना म्हणाली. “ट्रकचं काय?”

“अगं, काचेवर लिहिलंय की.”

“लिहायला काय जातंय? उद्या तुझ्या कपाळावर ‘देखणा’ लिहीन.”

ड्वेन हसत पुढे आला. “व्हर्नाबाई, तुमच्या कॅम्परचं कोरडं वजन धरलं तर...”

“ड्वेन, शाळेच्या स्वयंपाकघरात मी तुला सूप वाढलंय. रिकामं पातेलं तू पण उचलायचास. भरलेलं कोण उचलायचं?”

ड्वेनने माझे बॉनेट उघडले. व्हर्नाने माझ्या गिअरच्या तेलाचा थेंब बोटावर घेऊन हुंगला. “जळलंय. तळणीचं तेल असतं तर मी ओतून दिलं असतं. आधी हे बदल. आणि कॅम्परचे ब्रेक याला जोडून दे.”

ते झाल्यावर तिने आपला कॅम्पर मला जोडला. प्रवासाला निघतात तसा, पाण्यासकट भरलेला. धान्याच्या कोठारापाशी ट्रक तोलायचा काटा असतो, तिथे ड्वेनलाही घेऊन आम्ही गेलो. काट्यावरचा आकडा आणि माझ्या दारावरचा आकडा तिने ताडून पाहिला.

“जास्त आहे,” ती म्हणाली.

“थोडंसंच गं. ओढेल तो.”

“ओढेल रे. थांबवेल का?” तिने माझ्या दारावरच्या आकड्यावर बोट ठेवले. “कोरिनला आई-बाप हवेत, लेलंड. घाटातून पोलिसाचा फोन नको.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता!

मग तिने कॅम्परमधल्या पलंगाखाली हात घातला. तिथे खोकीच्या खोकी होती. लेलंडने जन्मभर माळरान तुडवून गोळा केलेले दगड.

“हे दगड नाहीत,” लेलंड चिडला. “अकीक आहेत, रत्नं आहेत! जुळ्यांना दाखवायचेत मला.”

“काट्याला फरक कळत नाही.”

लेलंड कॅम्परमध्ये चढला. मग एकेक खोके उचलून त्याने स्वतःच खाली ठेवले. मी त्याच्यावर रागावलेला होतो, तरी दगड जपणारे त्याचे हात पाहून मला वाईट वाटले. ड्वेनने खोकी आपल्या गोदामात सांभाळायचे कबूल केले. लेलंडने लाल पट्ट्यांचे दोनच अकीक खिशात ठेवले. पुन्हा तोलले तेव्हा आकडा माझ्या मापात आला होता, आणि सौदा पक्का झाला.

व्हर्नाने ओले फडके घेतले आणि माझ्या काचेवरचे ते खोटे घासून पुसून काढले. कपाळी लिहिलेलेही पुसता येते, मित्रांनो. पुसणारे माणूस भेटावे लागते.

तिसऱ्या दिवशी आम्ही तोच घाट उतरलो, खालच्या गिअरमध्ये, सावकाश. खडीचा तो चढ बाजूने निघून गेला. पायथ्याशी लेलंड उतरला आणि सवयीने त्याचा पाय उचलला गेला.

“लेलंड! पाय!” व्हर्ना आतून ओरडली.

त्याने पाय खाली घेतला. मग वाकून चाकाजवळ तळहात धरला. चाक कोमट होते, म्हणजे ब्रेक तापलेले नव्हते.

“काय रे, झेपतंय ना?” त्याने मला विचारले.

मित्रांनो, जो तुमचे ओझे ओढतो त्याला एवढेच विचारायचे असते, आणि तेही ओझे लादायच्या आधी.