बेटावरच्या फळाचा गुण

सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातला देव्हारा उतरवला. तेव्हापासून अंगारा, गंडा, उतारा यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. आमच्या मिस्टरांनी तर तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणते, मीही म्हणते. शेजारीण पोराची दृष्ट काढायला लागली की आबा खिडकीतून व्याख्यान सुरू करायचे. असा हा माणूस दोन हजार चारच्या उन्हाळ्यात एका बाटलीपुढं हात जोडून उभा राहिला. कारण एवढंच, की बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं.

बाटली आणली संघर्षनं, माझ्या धाकट्या दिराच्या मुलानं. भर मे महिन्यात टाय लावून आला होता. प्रशांत महासागरातल्या कुठल्याशा बेटावर नोनी नावाचं फळ पिकतं, त्याचाच हा रस, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना संधिवात म्हणजे काय हेच ठाऊक नाही, असं त्यानं सांगितलं. पोरगं कागलच्या पलीकडं कधी गेलेलं नव्हतं, पण त्या बेटावरच्या म्हाताऱ्यांचे गुडघे त्याला तोंडपाठ होते.

"काकी, रोज दोन झाकणं घ्यायची. सहा महिन्यांत सांधे मोकळे. आणि त्या गोळ्या बंद करा, लिव्हर खराब होतंय त्यानं."

सोबत गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती. पांढरे कोट घातलेले गोरे लोक आणि वर चढत जाणारे आलेख. आबांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

"आलेख दिलाय, अंजना. हे अंगाऱ्यासारखं नाही," ते म्हणाले.

त्या आलेखाच्या उभ्या रेघेवर काय मोजलंय ते लिहिलेलंच नव्हतं. एखाद्या पोरानं परीक्षेत असला आलेख काढला असता तर याच आबांनी त्याला भोपळा दिला असता. आता मात्र मान डोलावत होते.

मी अठ्ठावीस वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी मलकापूरला काढली. माझ्या हाताचा संधिवात काय आहे ते मला चांगलं कळत होतं. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या, मधून मधून रक्त तपासायला सांगितलं होतं आणि बजावलं होतं, "या बंद केल्या तर बोटं वाकतील. आणि एकदा वाकलेलं बोट पुन्हा सरळ होत नाही." हे ऐकणाऱ्या आम्ही दोघी होतो. दुसरी तानाबाई, कळंब्याची, आमच्याकडं दूध घालणारी. आजार एकच, म्हणून दवाखान्यात तिला मीच नेलं होतं. चार म्हशी ती स्वतः पिळायची. तिची सासू आमच्या घरचं पाणीही प्यायची नाही. तानाबाई मात्र चहा मागून घ्यायची आणि साखर कमी पडली की तसं तोंडावर सांगायची.

मी आबांना एकदाच म्हणाले, की गोळ्या बंद करणं धोक्याचं आहे.

"तू आयुष्यभर सरकारी गोळ्या वाटल्यास. संशोधन ही वेगळी गोष्ट आहे," ते म्हणाले.

ठीक आहे म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून आबा सकाळी दोन झाकणं मोजून पेल्यात ओतायचे आणि मी तो पेला घेऊन मोरीत जायची. नासक्या ताकासारखा वास यायचा त्याला. मोरीत ओतून वर तांब्याभर पाणी टाकायची. रविवारी पिठाच्या डब्यामागं ठेवलेल्या गोळ्या घ्यायची, आणि रक्त तपासायचं असलं की बहिणीकडं जाते म्हणून सांगायची. घरात भांडण नको म्हणून हे केलं, असं मी स्वतःला सांगत होते. ते काही खरं नव्हतं. मला मजा वाटत होती. तीस वर्षं मला अडाण्यात काढणारा माणूस रोज सकाळी माझ्यासमोर मूर्ख ठरत होता आणि ते फक्त मला माहीत होतं.

दिवाळीपर्यंत माझी सूज उतरली, बोटं हलकी झाली. गोळ्यांनी आपलं काम केलं होतं.

"गुण आला की नाही?" आबा म्हणाले.

"आला," मी म्हणाले.

मग काय, आबा हरभऱ्याच्या झाडावर चढले. डिसेंबरात एका मंगल कार्यालयात संघर्षच्या त्या बाटलीवाल्या कंपनीची सभा झाली. निवृत्त विज्ञान शिक्षक म्हणून आबांना कोट घालून स्टेजवर बसवलं. समोर पाचशे माणसं: बँकेतले कारकून, साखर कारखान्यातले फिटर, सुनांनी धरून आणलेल्या म्हाताऱ्या. संघर्षनं माइकवर माझं नाव पुकारलं. "काकी, मूठ आवळून दाखवा." मी दोन्ही हात वर केले आणि मुठी आवळल्या. टाळ्यांनी मांडव दणाणला.

सभा संपल्यावर दारात तानाबाईनं मला गाठलं. तिला आबांनीच बोलावलं होतं.

"नर्सबाई, खरं सांगा. ह्या औषदानंच गुण आला व्हय?"

आबा शेजारीच उभे होते, गळ्यात हार. तेवढ्या एका क्षणात सांगून टाकता आलं असतं.

"मला बरं आहे की. बघताय न्हवं," मी म्हणाले.

शब्दाला शब्द खरा होता. ती काही गोळ्या बंद करणार नाही, डॉक्टरांचं तिनंही ऐकलंय, असं मनाशी म्हणून मी घरी आले आणि स्वस्थ झोपले. दूध घालायला आली की हात कसे आहेत ते मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात दूध घेऊन तिचा मुलगा कृष्णात यायला लागला. आईला बरं नाही एवढंच म्हणायचा. आठव्या दिवशी मी कळंब्याला गेले.

गोठ्यात दोनच म्हशी होत्या. तानाबाई दारात बसली होती, हात पदराखाली. मी म्हणाले, दाखवा. तिनं दाखवले. दोन्ही हातांची बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती आणि मधले सांधे वर आले होते. हात पाहूनच मला कळलं, की आता फार काही होणार नाही.

"गोळ्या कधी बंद केल्या?"

"सभा झाली त्याच म्हयन्यात की. आबा म्हनालं, दोनी संगट चालत न्हाईत." ती म्हशींकडं बघत होती. "कृष्णातला पान्हा सोडत न्हाईत त्या. लाथा घालत्यात. म्हनून दोन इकल्या."

मग मी सांगितलं. नोनीचा एक घोटही माझ्या पोटात गेलेला नाही, सगळं मोरीत गेलं. गोळ्या मी एकदाही चुकवलेल्या नाहीत.

गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असं बोलणारी बाई, पण आवाज चढवला नाही तिनं.

"रोज वतत हुता?"

"रोज. आबांना वाईट वाटलं असतं, म्हणून..."

"आबांचं ऱ्हाऊ द्या. त्येंनी कागदावर वाचलं, खरं धरलं आनि तेच सांगितलं. येडा मानूस हाय त्यो. तुमी येड्या न्हाय." हात परत पदराखाली घेत ती म्हणाली, "टेजवर मुठी आवळून दावल्या तवा मी तिसऱ्या रांगंत हुतो. माज्याकडं बघून हसलासा बी. मला वाटलं, बाई धीर द्यायल्यात."

हसले होते, हे खरं आहे. आबांच्या कोटाला हसले होते, संघर्षच्या टायला हसले होते, आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्या पाचशे मूर्खांना हसले होते. तानाबाई त्यांतच बसली होती.