मँचेस्टरचा खर्च, कुवेतचा हिशेब

आमच्या हफ्साने मँचेस्टरला शिकायला जायच्या आधी महिन्याच्या खर्चाचा एक कागद केला होता. खोलीचं भाडं पाचशे वीस पौंड, जेवणाला एकशे ऐंशी, बसला साठ, फोनला दहा. मुलगी हिशेबाला पक्की आहे, रोह्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला पहिली आली होती. तो कागद तिने आपल्या अब्बांच्या हातात दिला आणि तिथेच चुकलं. यांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि भाजी निवडावी तसा तो कागद निवडला.

"जेवणाला एकशे ऐंशी? आमी सहाजण एका डेगचीत शिजवायचो. साठ लई झाले. आणि खोली कशाला एकटीला? दोघींनी मिळून घ्यायची. अडीचशे लिव."

आमचे हे, म्हणजे अहमद, बावीस वर्षं कुवेतला होते, एका कंपनीच्या गोदामात. परत येऊन सहा वर्षं झाली, पण मोहल्ल्यातलं कुणी बाहेर निघालं की अजून आधी आमच्या ओट्यावर येतं. बॅगेत काय भरायचं इथपासून साहेबापुढे किती बोलायचं इथपर्यंत हे त्याला सगळं शिकवतात. मँचेस्टर यांनी नकाशातसुद्धा पाहिलेलं नव्हतं. पण परदेश म्हणजे परदेश! मी म्हटलं, "अहो, ती शिकायला चाललीय, कंपनीत नाय."

"तू गप गो. तुला काय ठावं तिथलं?"

ते मात्र खरं होतं. मला काहीच ठाऊक नव्हतं.

गडबजवळचा जमिनीचा तुकडा विकून फी भरली. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे बँकेत दाखवावे लागतात, तेही दाखवले. यांच्या मते ते पैसे नुसते दाखवायचेच होते. लाल पेनाने जो आकडा आला तेवढे हफ्साला दिले, म्हणजे तिच्या कागदाच्या निम्मे. उरले ते वरच्या मजल्याच्या फरशीला आणि खिडक्यांना लागले. तीन खोल्या, दोन बाथरूम, आणि वर राहायला कुणी नाही. मी रोज झाडू मारून यायची. कमी पडलं तर तिथे काम करीन, असं हफ्सा म्हणाली होती. जानेवारीपर्यंत तिला काम मिळालं नाही. मग मिळालं ते फक्त शनिवारचं, सहा तासांचं.

आमच्याकडे एक रीत आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही, पण मोडतही नाही. घरातलं जे माणूस बाहेर जातं ते रमजानात पैसे पाठवतं. सासऱ्यांनी आफ्रिकेतून पाठवले, यांनी कुवेतहून पाठवले. परदेशात राहून घराकडे पैसे मागणारं माणूस आमच्या घरात अजून झालेलं नव्हतं. हफ्सा हे बघतच मोठी झाली. पण ती विद्यार्थिनी आहे, तिला ही रीत लागू नाही, असं तिला सांगायला हवं होतं. यांनी सांगितलं नाही आणि माझ्या डोक्यातही आलं नाही.

रमजान लागला आणि चौथ्या दिवशी यांच्या खात्यात सतरा हजार रुपये आले. दीडशे पौंड. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बँकेतून घरी यायला दहा मिनिटं लागतात, त्या दिवशी दीड तास लागला. वाटेत भेटेल त्याला सांगत आले, "पोरीनं पाठवलं." मग पाकिटं भरायला बसले. पेणला नणंदेला एक, नागोठण्याला चुलतभावाला एक, मशिदीत एक. मी नको नको म्हणत होते, पण खरं सांगायचं तर मलाही बरं वाटत होतं. शेजारणीला मी स्वतःच जाऊन सांगितलं.

हफ्साचा फोन रोज दुपारी साडेतीनला यायचा. तिकडे तेव्हा सकाळचे दहा. फोनवर ती नेहमी जिन्यात बसलेली दिसायची, अंगात जाडं जॅकेट, डोक्याला टोपी. मी विचारलं की म्हणायची, "आत रेंज नाय अम्मी." मला ते पटायचं. हे लांबूनच दोन शब्द बोलायचे आणि आडवे व्हायचे. रमजानातच एका दुपारी मात्र रोज्याने यांचं डोकं दुखत होतं, झोप लागेना, म्हणून माझ्या शेजारी येऊन बसले. हफ्साला जांभई आली. मागून कुणीतरी जिना उतरून गेलं, तशी ती पाय आखडून भिंतीला सरकली. यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"हफ्सा, ती दुसरी पोरगी रातपाळीला जाते काय?"

"कोण, अब्बा?"

"जिच्या पलंगावर तू झोपतेस, ती."

पोरीने मान खाली घातली. मला वाटलं, यांना उन्हाचा त्रास झाला.

"व्हय," ती म्हणाली.

"कवा येते?"

"सकाळी आठला. चारला उठते. मग मी आत जाते." तिने घाईघाईने पुढे सांगितलं, "पण भाडं अडीचशेच पडतं अब्बा. तुमच्या कागदाप्रमाणं."

यांनी फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि उठून मोरीत गेले. नळ बराच वेळ चालू होता. इकडे मी पोरीवर तोंड सोडलं. आठ तास कुठे फिरतेस, लायब्ररी बंद असली की काय करतेस, थंडीत रोजा कशावर सोडतेस, आणि वर आम्हाला पैसे पाठवतेस? ती रडली. मीही रडले. ती म्हणत होती, "अम्मी, सगळेच करतात." मी म्हटलं, सगळे गेले खड्ड्यात.

हे बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "तुमाला कसं कळलं?"

"मीपण जिन्यातूनच करायचो फोन."

बावीस वर्षं यांचा फोन सुट्टीच्या दिवशी दुपारचा यायचा. मागे पायांचे आवाज, दारांचे आवाज. मला वाटायचं, केवढी मोठी बिल्डिंग असेल! सहा पलंग आणि बारा माणसं होती, हे मला त्या दिवशी कळलं. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच गादीवर पडायचे, गादी गरम असतानाच. सुट्टीच्या दिवशी जायला जागा नसायची, म्हणून हे मशिदीच्या पडवीत झोपायचे.

मी चिडले. "मला का नाय सांगितलं?"

"सांगून काय केलं असतंस? परत या म्हणाली असतीस?"

नसते म्हणाले. एका वर्षी घराचा स्लॅब टाकायचा होता. त्याच्या आधीच्या वर्षी नणंदेचं लग्न होतं. बावीस वर्षं मी फोनवर विचारत आले, कधी येताय, काय आणताय, किती पाठवताय. झोपता कुठे, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

ईदच्या आधीच वरच्या मजल्यावर भाडेकरू आले. धाटावच्या कंपनीतली तीन पोरं आहेत, एकेकाला एकेक खोली. मोहल्ल्यात बोलणं झालंच, कुवेतवाल्याने घर भाड्याने लावलं म्हणून. यांनी ऐकून घेतलं. आगाऊ भाडं घेऊन बँकेत गेले आणि पहिल्यांदाच इथून बाहेर पैसे पाठवले. फॉर्म दोनदा चुकला. घरी आल्यावर हफ्साला फोन करून एवढंच म्हणाले, "सोताची खोली घे. परत एक रुपया पाठवलास तर मी येऊन कान धरीन."

ईद झाली, तिकडची घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेली, आणि दुसऱ्या आठवड्यात साडेतीनला फोन आला तेव्हा हफ्सा जिन्यात नव्हती. तिने फोन फिरवून खोली दाखवली. आमच्या मोरीपेक्षा थोडी मोठी असेल. खिडकी, टेबल, भिंतीला लावलेला पलंग. हे चष्मा पुसून पुसून बघत होते.

"आता झोप," हे म्हणाले.

"आता? सकाळचे अकरा वाजलेत अब्बा."

"व्हय. म्हणूनच झोप. कोण उठवायला येणार नाय."

ती हसली, पण आडवी झाली. फोन उशीपाशी उभा केला होता. दोन मिनिटं आमच्याकडे बघत राहिली, मग तिचे डोळे मिटले. मी फोन बंद करायला गेले तर यांनी माझा हात धरला. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, चार वाजून गेले तरी.