पाठमोरं भाषण

घाबरू नका, मीच बोलतोय. टीव्हीखालच्या फळीवर चष्म्याच्या डबीशेजारी पडलेला, पाठीचं झाकण हरवलेला, सेल बाहेर पडू नयेत म्हणून रबरबँड गुंडाळलेला रिमोट. खरं तर 'घाबरू नका' हे मी स्वतःलाच सांगतोय. जन्मभर दुसऱ्यांना बोलतं केलं, गप्प केलं. स्वतः बोलायची ही पहिलीच वेळ, आणि माझी पाचावर धारण बसली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझी सगळी बटणं दाबून पाहिली आणि मला थर्माकोलच्या खाचेत निजवून वरून खोकं बंद केलं. त्या अंधारात मी पहिल्यांदा भ्यालो. पुढे या घरात आलो आणि भीतीला नावं मिळाली: फरशीवर आपटायची भीती, चहात बुडायची भीती, सोफ्याच्या फटीत कायमचं हरवायची भीती.

या घरचे बाबा एका हॉस्पिटलात लिफ्ट चालवतात. सव्वीस वर्षं झाली. लिफ्टमध्ये बटणांशेजारी त्यांचं स्टूल. तोंड दाराकडे, पाठ माणसांकडे. "कितवा मजला?" हे त्यांचं रोजचं जाहीर भाषण. घरीही ते फारसे बोलत नाहीत. ती कसर आई भरून काढते.

एका संध्याकाळी ते आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. चहा पुढ्यात निवून गेला.

"आज परत घसरली," ते म्हणाले.

"किती?" मुलीने विचारलं. म्हणजे हे तिला आधीच माहीत होतं.

बाबांनी हाताची चार बोटं आडवी धरली. लिफ्ट मजल्यावर थांबली की जागच्या जागी थांबायला हवी, पण ती थांबल्यावर खाली सरकत होती. उन्हाळ्यात एक बोट, मग दोन. आज एका बाईला ऑपरेशननंतर वॉर्डात नेत होते. स्ट्रेचर अर्धं बाहेर, अर्धं आत, आणि लिफ्ट सरकली. पुढची चाकं बाहेर अडकली, मागची खाली गेली. बाबांनी आणि वॉर्डातल्या मावशींनी जीव खाऊन स्ट्रेचर ओढून काढलं.

"चार बोटांवर थांबली म्हणून," बाबा म्हणाले, "नाहीतर..."

तक्रारवहीत त्यांनी तीनदा लिहिलं होतं. व्यवस्थापकसाहेबांनी तीनदा सही केली होती. सहा महिन्यांनी नवी लिफ्ट बसणारच आहे, तोवर सांभाळून घ्या, हे त्यांचं उत्तर. आता उरली होती महिन्याची सभा. तिला मोठे डॉक्टर स्वतः हजर असतात आणि कुणाही कामगाराला पाच मिनिटं बोलता येतं. मावशींनी बाबांचं नाव देऊनही टाकलं होतं.

"तुम्ही बोलणार?" आई म्हणाली. "माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात दोन शब्द बोलायला उभं केलं, तर नवऱ्यामुलाचं नाव विसरला होतात!"

बाबा हसले नाहीत.

मुलीला सिनेमाचं भारी वेड. तिने मला उचललं. "बाबा, आठ दिवस आहेत. भाषण शिकवायला सिनेमासारखा मास्तर नाही. बघा नुसतं."

तेव्हापासून माझ्या बटणांना उसंत नव्हती. पहिल्या दिवशी कोर्टातला वकील पाहिला. तो प्रश्न विचारायचा आणि गप्प उभा राहायचा. मुलगी मला दाबून चित्र थांबवायची. "बघा, किती वेळ थांबला? लोकांना घाई असते, त्याला नाही." दुसऱ्या दिवशी हरत आलेल्या संघाचा प्रशिक्षक. सगळ्यांना वाटलं ओरडेल, तर तो कुजबुजला, आणि खेळाडू पुढे झुकले. मग एक म्हातारी साक्षीदार. तिने ना कायदा सांगितला, ना न्याय. आपल्या दारासमोर काय घडलं तेवढंच सांगितलं. तिचा तुकडा बाबांनी अकरा वेळा मागे नेला. त्यांच्या अंगठ्याचा घाम माझ्या फटीत झिरपत होता.

लढाईआधीचं राजाचं भाषणही झालं. बाबांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "सैनिकांनो!" अशी आरोळी ठोकली आणि आईच्या हातातला झारा पडला.

"अहो, तुमचे सैनिक शेजारी राहतात, नुसती भिंत आहे मध्ये!"

त्या दिवशी घर हसलं. पण सराव सुरू झाला की रोज एकाच जागी गाडी अडायची. मुलगी सांगायची, "समोर बघा, डोळ्यांत." बाबा मला माइकसारखं धरायचे, सोफ्यावर बसलेल्या मायलेकींकडे बघायचे, आणि त त प प. घरच्या दोघींसमोर ही गत, तर सभेत काय होणार? शेवटी मुलीने भाषण मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं. "निदान वाचून तरी दाखवा."

सभेच्या दिवशी बाबांनी घाईत टीव्हीखालच्या फळीवरची चष्म्याची डबी उचलून खिशात टाकली. म्हणजे त्यांना तसं वाटलं. ती डबी नव्हती. तो मी होतो.

मी ओरडलो, पण माझं ओरडणं टीव्हीशिवाय कुणाला कळत नाही. खिशातून माझं टोक बाहेर डोकावत होतं, त्यामुळे सगळं दिसत होतं. सभा सहाव्या मजल्यावर. मंडळींना वर न्यायचं काम अर्थातच बाबांचं. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला साहेब आणि मोठे डॉक्टर होते. दार उघडलं, आणि पायाखालची जमीन हलकेच निघून गेली. सूं... पाच बोटं. मी खिशात गारठलो. साहेब अडखळले, हसले, म्हणाले, "जरा पाय उचलून हं, डॉक्टर." आणि पाय उचलून निघून गेले.

बाबांचं नाव पुकारलं गेलं. ते उभे राहिले, कागद उघडला, खिशात हात घातला आणि सगळ्यांसमोर मला बाहेर काढलं.

"काय, चॅनल बदलणार वाटतं?" मागून कुणीतरी म्हणालं. सभागृह खदखदलं. बाबांना अक्षर दिसेना. शिकलेलं सगळं क्षणात पुसलं गेलं. त्यांनी मला छातीशी इतकं घट्ट धरलं की त्यांच्या काळजाचे ठोके माझ्या सेलांना बसत होते. ते आता बसतील, खाली जातील, उद्या पुन्हा ती लिफ्ट चालवतील, असंच मला वाटलं.

बाबांनी सभेकडे पाठ फिरवली.

माझ्यापुढे फक्त पांढरी भिंत आली. मागे कुजबुज वाढली. आणि बाबा बोलायला लागले, रोजच्याच आवाजात.

"माफ करा. मला तोंडाकडे बघून बोलता येत नाही. सव्वीस वर्षं मी तुमच्याशी असाच बोलतोय. तळमजल्यावर लिफ्ट एक बोट घसरते. दुसऱ्यावर दोन. चौथ्यावर गेल्या आठवड्यात चार, तेव्हा दारात एक बाई होती, पोटाला ताजे टाके. तिने माझा हात धरला होता. सोडू नका, म्हणत होती. मला ब्रेकचं शास्त्र कळत नाही. पण मी तिचा हात धरला होता, लिफ्ट नव्हती धरली. लिफ्ट मला धरता येत नाही."

ते थांबले.

साहेब खाकरले. "लोकांना उगाच घाबरवू नका. सहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

"बरं साहेब," बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले. "सभा झाली की मीच सगळ्यांना खाली नेतो. पहिल्या खेपेला कोण येतंय?"

भीती कशी असते ते मला ठाऊक आहे, पण साठ माणसांची एकदम पसरलेली भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. एक खुर्ची सरकली. मोठे डॉक्टर उठले होते. त्यांची पावलं सावकाश दाराकडे गेली आणि जिन्याने उतरू लागली. मग दुसरी खुर्ची, तिसरी. साहेबांची सर्वांत शेवटी.

सहा मजले, सगळे पायी.

लिफ्टला त्याच दिवशी कुलूप लागलं. कारागिराने ब्रेक उघडला तेव्हा त्यातली झिजलेली पट्टी बाबांच्या तळहातावर ठेवली, कागदाइतकी पातळ. आता स्ट्रेचर मागच्या उतारावरून नेतात. जिने चढून धापा टाकणारे लोक बाबांनाच बोल लावतात. दुरुस्तीनंतर आपल्याला पुन्हा स्टुलावर बसवतील की घरी, ही धास्ती बाबांना आहेच.

माझंही फार उरलेलं नाही. मुलगी फोनवरूनच टीव्ही चालवायला शिकली आहे. माझी एकच विनवणी. तुमच्या घरात कुणी घाबरत, अडखळत, खाली मान घालून काही सांगायला लागलं, तर टीव्हीचा आवाज कमी करा. ते बटण डाव्या कडेला असतं. माझं झिजलंय, जरा जोर लावावा लागतो.